वेळेवर उठण्याची रंगीत तालीम

कोणतीही संस्था तिच्या माणसांच्या जोरावर उभी असते, आणि ती उभी राहावी म्हणून तिची माणसं बसलेली असतात. जो जास्त वेळ बसतो तो जास्त निष्ठावान, हे ओघानेच आलं. (अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला हाच न्याय लावतात. फरक इतकाच की एकवीस दिवसांनी तिच्या बसण्यातून काहीतरी निघतं.)

बिजागऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत ही निष्ठा अव्वल दर्जाची होती. कंपनी त्रेचाळीस प्रकारच्या बिजागऱ्या बनवायची. कपाटाच्या, फाटकाच्या, पेटीच्या, चष्म्याच्या डबीच्यासुद्धा. कचेरी कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. एक लांबट हॉल, त्यात अडतीस टेबलं, एका टोकाला साहेबांची काचेची केबिन आणि दुसऱ्या टोकाला जाण्यायेण्याचं एकुलतं एक दार. हे दार वाजायचं. म्हणजे नुसतं कुरकुरायचं नाही. शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं आधी दचकायचं, मग किंचाळायचं आणि नंतर बराच वेळ स्वतःशीच रडत राहायचं. जिथे पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही. तेल घालावं असं कुणाच्या मनात आलंच नव्हतं असं नाही. पण बिजागरी कंपनीचीच होती, तिच्यावर 'आजन्म निःशब्द' असा शिक्का होता, आणि शिक्क्याच्या वस्तूसाठी तेल मागवायचं तर आधी शिक्का खोटा असल्याचा अर्ज करावा लागला असता. तो अर्ज दर्जा विभागात द्यायचा. दर्जा विभाग दाराच्या पलीकडे. तेव्हा असो.

या दाराला लागून आस्थापना विभागाच्या प्रमुखांचं टेबल होतं. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. वय चोपन्न, नोकरी सव्वीस वर्षं, निवृत्तीला चार वर्षं बाकी. माणसं नेमणं, त्यांच्या रजा लावणं आणि ती गेली की त्यांच्या नावापुढे रेघ मारणं, हे त्यांचं काम. बाईंच्या खणात दोन चष्मे, सुईदोरा, डोकेदुखीच्या गोळ्या आणि समोर बसून रडणाऱ्यासाठी घडी घातलेला एक स्वच्छ रुमाल असे. गेल्या अकरा महिन्यांत तो सहा वेळा धुवावा लागला होता.

कारण अकरा महिन्यांत सहा तरुण नोकरी सोडून गेले होते. आणि त्याच सुमारास साहेब एका परिषदेला जाऊन आले. तिथे एका वक्त्याने पडद्यावर रंगीत वर्तुळं दाखवून सिद्ध केलं होतं की आजच्या पिढीला मिलेनियल म्हणतात, आणि या पिढीला नोकरीमध्ये नोकरी सोडून बाकी सगळं हवं असतं. साहेब परत आले ते बाईंना केबिनमध्ये बोलावतच.

"बाई, ही मुलं जातात का?"

"वैयक्तिक कारणास्तव, साहेब."

"सहाही जणांचं एकच वैयक्तिक कारण?"

"फॉर्मवर तेवढंच छापलंय, साहेब. दुसरा पर्याय 'मृत्यू' आहे."

"हे बघा. रुग्णालयाची एवढी मोठी ऑर्डर तोंडावर आलीये. आता मला एकही जायला नकोय. सातवा राजीनामा टेबलावर आला, तर त्याच्यासोबत तुमचाही आणा. आणि त्यांना काय हवंय ते शोधा. समिती नेमा."

बाई बाहेर आल्या आणि खणातली एक गोळी त्यांनी स्वतःच घेतली. चोपन्नाव्या वर्षी नोकरी शोधणाऱ्या बाईच्या कामाच्या जागेकडून काय अपेक्षा असतात, यावर अजून कुठेही समिती नेमली गेलेली नाही.

समिती मात्र झटपट उभी राहिली. तरुणांच्या मनाचा ठाव घ्यायचा म्हणून अनुभवी माणसं घेतली. सदस्य पाच, सरासरी वय सत्तावन्न, चष्मे सहा. (भांडार सांभाळणाऱ्या काकांचे दोन.) पहिले पाच महिने मिलेनियल कुणाला म्हणावं यावर गेले. शेवटी 'तीस पूर्ण, चव्वेचाळीस अपूर्ण' अशी व्याख्या ठरली. मूळच्या अकरांतले सहा गेल्यावर या वर्गात पाच उरले होते. पण व्याख्येवर सह्या होईपर्यंत छपाई बघणाऱ्याला चव्वेचाळिसावं पूर्ण झालं. त्याला 'आपल्या अपेक्षा या तारखेपासून संपुष्टात आल्या आहेत' असं पत्र गेलं. त्याने ते बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "हे तर मी तुम्हाला लग्नातच सांगितलं होतं."

मग प्रश्नावली निघाली. प्रश्न चौसष्ट. पहिला, 'आपण येथे समाधानी आहात का?' आणि त्याला पर्याय तीन: होय, बरेचसे होय, अर्थातच होय. खाली तळटीप होती: 'उत्तर देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्यात येईल. कृपया ते ठळक अक्षरांत लिहावे.' शंभर टक्के तरुण समाधानी निघाले. त्यांतल्या पंचवीस टक्क्यांनी, म्हणजे एकाने, कागदाच्या मागे घराचं चित्र काढलं होतं. समितीने ते 'सर्जनशीलता' या सदरात घातलं.

आता प्रश्न असा पडला की सगळे समाधानी असताना जातात का? तेव्हा बाहेरचे अभ्यास मागवले. त्यांत असं निष्पन्न झालं की तरुणांना कामाच्या जागी पाच गोष्टी हव्या असतात. अर्थपूर्ण काम, मोकळं वातावरण, प्रगती, कौतुक आणि काम व आयुष्य यांचा तोल. समितीने एकेक विषय हाती घेतला आणि तडीस नेला. पैकी अर्थ सगळ्यात स्वस्तात मिळाला. भिंतीवर पाटी लावली: 'आपण बिजागऱ्या बनवत नाही, आपण जगाची दारं उघडतो.' (फाटकावरच्या रखवालदाराने वाचून विचारलं, "मग बंद कोण करतं?" त्याचं म्हणणं नोंदवून घेतलं.) मोकळ्या वातावरणासाठी खिडक्या उघडायच्या ठरल्या. पण खिडक्यांसमोर फायलींची कपाटं होती, म्हणून कपाटांवर उघड्या खिडकीचे फोटो डकवले. प्रगती एका दिवसात झाली. सर्वांची पदनामं बदलली आणि कनिष्ठ लिपिक सकाळी सव्वादहाला 'सहयोगी मार्गदर्शक' झाले. कुणाला मार्गदर्शन करायचं ते ठरेपर्यंत त्यांनी जुनंच काम करायचं होतं.

कौतुकाला दर सोमवारी दहा ते दहा-पाच ही वेळ दिली. प्रत्येकाने शेजारच्याचं किमान एका वाक्यात कौतुक करायचं. पहिल्या सोमवारी डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या सोमवारी शर्टाच्या इस्त्रीपर्यंत गाडी आली. तिसऱ्या सोमवारी भांडारवाले काका शेजाऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "याचा स्टेपलर चांगला आहे."

याशिवाय हॉलच्या कडेला एक झोपाळा टांगला. बसण्यासाठी चोवीस तास आधी तीन प्रतींत अर्ज द्यायचा, आणि झोका पुढच्या बाजूने टेबलाच्या रेषेपलीकडे जाऊ द्यायचा नाही. दोन महिन्यांत झोपाळा एकदा वापरला गेला. भांडारवाल्या काकांनी त्यावर खोकी ठेवली.

राहता राहिला काम आणि आयुष्य यांचा तोल. हा विषय समितीपुढे तीन वेळा आला. तिन्ही वेळा संध्याकाळचे पावणेआठ वाजले होते आणि सदस्य दमले होते, म्हणून तो पुढे ढकलला.

इथे कचेरीची एक रीत सांगायला हवी. कचेरी सहाला सुटायची. नियम अकरामध्ये तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण साहेब केबिनमध्ये असेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि साहेब आठच्या आत कधी उठायचे नाहीत. सहा ते आठ या वेळात काय काम होतं, याची बाईंनी एकदा स्वतःच्या टेबलावरून पाहणी केली होती. दहा टक्के लोक काम करत होते. चाळीस टक्के, काम करणारा माणूस कसा दिसतो तसे दिसत होते. बाकीचे, कोण कसं दिसतंय ते बघत होते. पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या बाईंनी टेबलाखाली विणत विणत तीन स्वेटर पुरे केले होते, आणि एका इंजिनियरने तर फायलीत घालून नऊशे पानांची कादंबरी संपवली होती. (शेवट आवडला नाही म्हणे. पण पुन्हा पहिल्यापासून घेतली, कारण अजून सातच वाजले होते.)

अशातच एका सकाळी छपाईच्या यंत्रावर बाईंना एक कागद सापडला. 'महोदय, वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा' इथून तो सुरू होत होता. खाली सही होती ती आराखडेवालीची.

आराखडेवाली म्हणजे बिजागऱ्यांचे आराखडे काढणारी मुलगी. मुलगी म्हणजे तशी तेहेतीस वर्षांची, एका चार वर्षांच्या पोराची आई. पण बाईंनी तिला नेमली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि मुलाखतीला दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून आली होती. अशी माणसं मग मुलगीच राहतात. रुग्णालयाला हवी असलेली आवाज न करणारी बिजागरी तिच्याच डोक्यातून निघाली होती आणि अजून अर्धी डोक्यातच होती.

बाईंनी तिला बोलावलं, कागद पालथा घालून तिच्यापुढे सरकवला आणि आवाज खाली आणला. "हे तुझं?"

"हो."

"तारीख नाही घातलीस ती?"

"रोज संध्याकाळी घालते, बाई. सकाळी खोडते. मग कागद घाण होतो, म्हणून परत काढला."

सातवा कागद तो हाच, आणि तो त्यांच्या बोटांखाली होता.

"पगाराचं काही आहे का?"

"नाही."

"कामाचा कंटाळा?"

"छे! काम आवडतं मला."

"झोपाळ्यावर बसलीस का एकदा तरी?"

"अर्ज दिलाय. मंजूर व्हायचाय."

"अगं, मग हवंय तरी काय तुला?"

"सव्वासहाला उठायचंय."

बाई पेन उचलून थांबल्या. "आणि?"

"आणि काही नाही. तेवढंच."

बाईंनी चौसष्ट प्रश्न डोळ्यांपुढून फिरवले. त्यांत हा नव्हता. पाच अपेक्षांतही नव्हता. "कचेरी सहालाच सुटते बाई माझे. ऊठ की मग! कुणी धरून ठेवलंय का तुला?"

"सगळे बसलेले असतात."

"ते साहेबांमुळे बसतात."

आराखडेवालीने काही बोलायला तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. मग म्हणाली, "पाळणाघर सातला बंद होतं. तिथल्या काकू रोज माझ्यासाठी साडेआठपर्यंत थांबतात. आता सांगितलंय, पुढच्या महिन्यापासून उशीर झाला तर जागा दुसऱ्या मुलाला देईन. परवा पोचले तर हा पठ्ठ्या बूट घालून, दप्तर पाठीला लावून दारातल्या स्टुलावर बसलेला. मला म्हणतो, आई, बघ, मी सगळ्यांत शेवटपर्यंत बसलो! म्हटलं, झालं. हाही निष्ठावान निघाला."

ती हसली, म्हणून बाईही हसल्या. रुमाल खणातच राहिला.

बाई तशाच उठल्या आणि सरळ साहेबांकडे गेल्या. सव्वीस वर्षांत न विचारलेला प्रश्न त्यांनी उभ्याउभ्याच विचारला. "साहेब, आपण रोज आठपर्यंत का बसता?"

साहेबांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "तुम्हाला म्हणून सांगतो बाई, गुडघे धरतात हो माझे. घरी बायको रोज बोलते. पण करू काय? बाहेर माझी अडतीस माणसं मान मोडून काम करत बसलेली. पाहुणे बसलेले असताना यजमानाने जांभई द्यावी का? ती उठली की मी उठेन म्हणतो. पण उठतच नाहीत! इतकी माया लावलीये त्यांनी कंपनीला. शेवटी आठ वाजले की मीच मन घट्ट करतो."

"मग सहा ते आठ आपण काय करता?"

साहेबांनी मधला खण उघडून दाखवला. त्यात चौदाशे रबरबँड रंगांप्रमाणे लावून ठेवले होते.

म्हणजे साहेब माणसांसाठी बसत होते आणि माणसं साहेबांसाठी. सव्वीस वर्षं, रोज दोन तास. दुसऱ्या कुणी हे दोघांनाही सरळ सांगून टाकलं असतं आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. पण बाई पद्धतशीर होत्या. साहेबांना सांगावं, तर त्यांची मायेवरची श्रद्धा उडणार. माणसांना सांगावं, तर पहिलं कुणी उठायचं? त्यांनी विषय समितीत नेला. समितीने 'प्रथम उठणारा अधिकारी' असं पद निर्माण केलं आणि सेवाज्येष्ठतेप्रमाणे विचारणा केली. भांडारवाले काका म्हणाले, "माझी दोन वर्षं राहिलीयेत. आता कशाला नावाला बट्टा?" पत्रव्यवहाराच्या बाई म्हणाल्या, "माझा चौथा स्वेटर अर्धा आहे." इंजिनियरने शेवटची दोनशे पानं राहिल्याचं कळवलं. पद रिक्त राहिलं.

तेव्हा बाहेरून तज्ज्ञ बोलावला. वय सत्तावीस, पांढरेशुभ्र बूट, गळ्यात शिट्टी. त्याने निदान केलं की कर्मचाऱ्यांना घरी जायची इच्छा आहे, पण कौशल्य नाही. त्यावर 'वेळेवर उठावे कसे' असं प्रशिक्षण ठरलं. हजेरी सक्तीची. वेळ, गुरुवारी संध्याकाळी सहा ते साडेआठ.

आराखडेवाली बाईंकडे आली. "बाई, गुरुवारी मला..."

"अगं, हे तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं!" बाई म्हणाल्या. आणि त्यांना ते अगदी मनापासून वाटत होतं.

गुरुवारी सहाला तज्ज्ञाने पडद्यावर रंगीत वर्तुळं दाखवली. (तीच होती. साहेबांनी लगेच ओळखली.) मग उठण्याचे सात टप्पे समजावले: निर्णय, खुर्ची मागे, गुडघे, कंबर, पिशवी, निरोप, दार. साडेसहाला रंगीत तालीम. शिट्टी वाजली की सर्वांनी उठायचं, रांगेने दाराबाहेर जायचं, जिन्यापर्यंत पोचून मागे वळायचं आणि जागेवर येऊन बसायचं.

शिट्टी वाजली. दार दचकलं, किंचाळलं, रडलं. अडतीस माणसं शिस्तीत बाहेर गेली. बाई रांगेत मधेच होत्या. जिन्यापाशी वळताना त्यांना खालून चढणारी ताजी हवा लागली आणि क्षणभर पाय रेंगाळला. पण मागच्याचा धक्का लागला आणि त्या वळल्या. सगळे परत आले, बसले. टाळ्या झाल्या. तज्ज्ञाने मोजणी केली.

गेले अडतीस. आले सदतीस.

पुन्हा मोजलं, टेबलांखालीही पाहिलं. आराखडेवालीची खुर्ची रिकामी होती आणि पिशवी जागेवर नव्हती. तज्ज्ञाने अहवालात लिहिलं, 'एक प्रशिक्षणार्थी अनुत्तीर्ण. जाण्याचा भाग उत्तम, परंतु परत येण्याचा भाग पूर्ण केला नाही.' पुढे उरलेल्या सदतीस जणांनी वेळेवर घरी जाण्याचे फायदे साडेआठपर्यंत ऐकले.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी बाईंना सांगितलं, "तिला कारणे दाखवा नोटीस काढा. शिस्त म्हणजे शिस्त." बाईंनी नोटीस टाइप केली. नोटीस दिली की ती तारीख घालणार. तारीख घातली की सातवा कागद. सातव्याबरोबर त्यांचा स्वतःचा. त्या नोटिशीकडे बघत बसल्या होत्या, तोच आराखडेवाली समोर येऊन उभी राहिली. हातात कागद, त्यावर तारीख.

"पोरगा मिळाला ना वेळेवर?" बाईंनी आधी तेच विचारलं.

"सहा पन्नासला पोचले. अजून चार मुलं होती तिथे. त्याला कळेना मी आलेय म्हणून. कुणीतरी दुसऱ्याचीच आई समजून खेळत राहिला." तिने कागद टेबलावर ठेवला. "बाई, मला रोज तसंच जायचंय. शिट्टी न वाजवता."

"थांब. बस जरा. एक खरं सांग. साहेबांची एवढी भीती वाटते तुला?"

"साहेबांची?" तिला हसू आलं. "त्यांना केबिनमधून दाराचा फक्त वरचा कोपरा दिसतो. आम्ही मुलांनी जाऊन बघितलंय. रांगत गेलं तर पत्ताही लागणार नाही त्यांना."

"मग?"

आराखडेवाली पेनाच्या टोपणाशी खेळली. मग म्हणाली, "रागावू नका हं, बाई. तुम्ही."

"मी? मी काय केलं?"

"दार वाजलं की तुम्ही मान वर करता. चष्म्याच्या वरून बघता. मग घड्याळाकडे बघता. आणि मान खाली घालता. काही बोलत नाही. चार शब्द सुनावले असतेत तर परवडलं असतं. ते बघणं रात्रीपर्यंत पाठ सोडत नाही."

"अगं, मी 'सावकाश जा' म्हणते!"

"कधी?"

"दरवेळी! सव्वीस वर्षं!"

"नाही ऐकू आलं कधी. दार रडत असतं ना तेव्हा."

"आणि घड्याळात बघते ते..." बाईंचा आवाज चिरकला, "अजून उजेड असेल का बाहेर, तुम्हाला वाहन मिळेल का, हे बघते गं!"

"ते आम्हाला कसं कळणार?" ती हळूच म्हणाली. "गेलेल्या सहाही जणांना तेच वाटायचं, बाई. म्हणायचे, साहेब परवडले. बाईंच्या समोरून जाववत नाही."

बाईंनी खण उघडला, घडी घातलेला रुमाल काढला आणि या खेपेला स्वतःच वापरला. समितीच्या अहवालात या उपक्रमाचा उल्लेख नाही.

"हा कागद," नाक पुसून त्या म्हणाल्या, "उद्या दे. आज नको. एक दिवस मला उसना दे."

सहा वाजले. बाईंनी खण बंद केला. पिशवी घेतली, ठेवली, परत घेतली. पहिल्यांदा उठायचं असलं की पाय कुठले वापरायचे तेच सुचत नाही, आणि सात टप्प्यांतला एकही त्यांना आठवेना. सहा वाजून दोन मिनिटांनी त्या उठल्या आणि दार ओढलं. दार दचकलं, किंचाळलं, आणि हॉलमधल्या सदतीस माना एकदम वर झाल्या. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्या माना त्या बाजूने पाहिल्या. कुणाच्या नजरेत काही वाईट नव्हतं. बहुधा कुणी 'सावकाश जा'ही म्हणत असेल. पण बाईंना दोन पावलांवरचा जिना मैलभर लांब वाटला.

मग त्या परत फिरल्या. सगळ्यांना वाटलं, संपलं, बसणार. बाईंनी आपली खुर्ची ओढत नेली, दार सताड उघडलं आणि खुर्ची त्याला टेकवून ठेवली. उघडं टेकवून ठेवलेलं दार वाजत नाही, हा शोध त्रेचाळीस प्रकारच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या कंपनीला त्या संध्याकाळी लागला. बाई सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चला गं, चला रे. मी निघाले. सावकाश या." आणि निघाल्या.

सहा वाजून चार मिनिटांनी आराखडेवाली गेली. सव्वासहापर्यंत एकोणीस. साडेसहापर्यंत कादंबरीवाल्या इंजिनियरखेरीज सगळे. (त्याला आज खरंच शेवट जवळ आला होता.) भांडारवाले काका फाटकापाशी थांबून रखवालदाराला म्हणाले, "एवढ्या उजेडात घर ओळखू येईल ना मला?"

पावणेसातला बाईंचा फोन वाजला. त्या तेव्हा एका फळवाल्यापाशी उभ्या होत्या. हे दुकान आपल्याच रस्त्यावर आहे हे त्यांना माहीत होतं, पण त्याची फळी उघडते हे माहीत नव्हतं.

"बाई!" साहेब जवळजवळ ओरडलेच. "कुणीच नाहीये इथे! किती राजीनामे आले?"

"एकही नाही, साहेब. सगळे घरी गेले."

"घरी? आत्ता?" मग अगदी हळू आवाजात, "मग मी काय करू?"

"तुम्हीही घरी जा, साहेब."

"जातो की. पण या वेळेला घरी काय करतात हो?"

"बाईसाहेबांना विचारा," बाई म्हणाल्या. "त्यांना ठाऊक असेल."

शनिवारी आराखडेवालीने कागद दिला नाही. सोमवारीही नाही. विचारलं तर म्हणाली, "त्याच्या मागे पोराने विमान काढलंय." नोटीस बाईंच्याच खणात रुमालाखाली गेली. सातवा राजीनामा न आल्यामुळे समितीने आपलं कार्य सफल झाल्याचं घोषित केलं आणि अंतिम अहवाल सादर केला. यशाचं श्रेय, तज्ज्ञाचं प्रशिक्षण साठ टक्के, भिंतीवरची पाटी पंचवीस टक्के, आणि झोपाळा (वापरला नसला तरी त्याच्या सान्निध्यामुळे) पंधरा टक्के. शेवटच्या पानावर दोन शिफारशी होत्या. एक, आस्थापना प्रमुखांनी यापुढे रोज सहाला उठावं. दोन, कामाच्या जागेवरून लवकर उठल्याबद्दल त्यांना लेखी ताकीद देण्यात यावी. बाईंनी दोन्हींवर सही केली. ताकिदीवर सही केली तेव्हा सहाला पाच कमी होते, म्हणून वाचली नाही.

असा हा प्रकार. वाचकांनी साहेबांना केव्हाच ओळखलं असेल. प्रत्येकाच्या माहितीत असा एक साहेब असतो. चष्म्यावरून बघणाऱ्या बाईही बहुतेकांनी कुठेतरी पाहिलेल्या असतात. आपणच त्या बाई आहोत असं मात्र आजवर एकाही वाचकाने कळवलेलं नाही.

तसं असायचं कारणही नाही. तुम्ही निवांत बसून ही गोष्ट वाचलीत. मधे कुणीतरी दोनदा तुमच्यापाशी येऊन गेलं. काहीतरी सांगायचं होतं, किंवा नुसतं निघतो म्हणायचं होतं. तुम्ही मान वर केलीत, बघितलंत आणि पुन्हा वाचायला लागलात. तुमचा असा समज आहे की तेव्हा तुम्ही हसला होतात.